मुतखडा आणि मूत्रातील धातू

वसंतातील व्याख्याने भर उन्हाळ्यात होतात, आणि उन्हाळा हाच मुतखड्याच्या कळांचाही हंगाम होय. कमरेतून निघून जांघेपर्यंत उतरणारी ही कळ ज्याला एकदा आली त्याला तिचे वर्णन ऐकण्याची गरज नाही, आणि जिला ती आलेली नाही अशी व्यक्ती वर्णन ऐकून फारशी शहाणी होत नाही. कळ ओसरली की शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. दूध बंद करा. दही-ताकाला हात लावू नका. विहिरीचे जड पाणी पिऊ नका. ह्या साऱ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच कल्पना असते: खडा चुन्याचा बनतो, तेव्हा चुना पोटात जाऊ दिला नाही म्हणजे खडा होणार नाही. ही कल्पना दिसावयास सरळ आहे. पण ती पुष्कळ अंशी चुकीची आहे, आणि तिच्यापायी कित्येकांची हाडे विनाकारण दुबळी होतात व खडे काही थांबत नाहीत. ती का चुकते हे समजून घ्यावयाचे तर मूत्रात विरघळलेल्या धातूंचे आपापसांतील व्यवहार पाहिले पाहिजेत. आम्ही आज तेवढेच करणार आहोत. औषधयोजना हे वैद्य-डॉक्टरांचे काम आहे, ते आम्ही अंगावर घेत नाही.

सुश्रुताने अश्मरीचे निदान सांगताना एक दृष्टांत दिला आहे. नव्या घड्यात स्वच्छ पाणी भरून ठेवले तरी कालांतराने त्याच्या तळाशी गाळ दिसू लागतो. बस्तीत अश्मरी होते ती तशीच, असे तो म्हणतो. ह्या दृष्टांतातील मर्म 'स्वच्छ' ह्या शब्दात आहे. डोळ्यांना जे निर्मळ दिसते त्यात घट्ट होऊ पाहणारे द्रव्य आधीच असते, ते केवळ विरघळलेले असल्यामुळे दिसत नाही. आधुनिक रसायनशास्त्राने ह्याच प्रश्नाला हात घातला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. शेले ह्या स्वीडिश रसायनज्ञाला १७७६ साली मूत्राशयातील खड्यात यूरिक आम्ल सापडले. इंग्लंडात वोलॅस्टनने १७९७ साली खड्यांचे निरनिराळे प्रकार पृथक्करण करून दाखविले व १८१० साली आणखी एका दुर्मिळ प्रकाराची भर घातली. त्या द्रव्याला आज सिस्टीन म्हणतात. तेव्हापासून हे स्पष्ट आहे की 'मुतखडा' हे एका वस्तूचे नाव नसून अनेक वस्तूंचे नाव आहे. मात्र आजच्या रुग्णांत शेकडा ऐंशीच्या आसपास खडे कॅल्शियमचे, आणि त्यांतही बहुसंख्य कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. म्हणून आमचे बहुतेक विवेचन ह्याच खड्याविषयी राहील.

कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या ज्या स्फटिकात एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू असतो त्याला खनिजशास्त्रात व्हेवेलाइट म्हणतात. पाण्याचे रेणू सुमारे दोन असले तर त्याच द्रव्याला वेडेलाइट म्हणतात. कारण ते स्फटिक दक्षिण ध्रुवाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाच्या गाळात सापडले. व्हेवेलाइट हे नाव केंब्रिजच्या विल्यम व्हेवेल ह्या पंडितावरून पडले. गंमत अशी की ह्याच व्हेवेलने १८३४ साली फॅरडेला 'आयन' हा शब्द सुचविला. ज्याने आयनाचे नामकरण केले त्याचेच नाव आयनांच्या सर्वांत त्रासदायक संयोगाला मिळावे, हा योगायोग आम्हांला मोठा मौजेचा वाटतो.

आयन म्हणजे विद्युत्भार असलेला अणू अथवा अणूंचा गट. मीठ पाण्यात टाकले की सोडियम व क्लोरीन हे अलग होऊन हिंडू लागतात. सोडियमवर धन भार असतो, क्लोरीनवर ऋण. मूत्रात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम ह्या धातूंचे धन आयन असतात, आणि ऑक्झॅलेट, फॉस्फेट, सायट्रेट इत्यादी ऋण आयन असतात. विरुद्ध भारांचे आकर्षण असल्यामुळे ह्या गर्दीत क्षणोक्षणी जोड्या जमतात आणि मोडतात. कॅल्शियमची जोडी ऑक्झॅलेटशी जमली तर ती घट्ट बसण्याचा संभव फार. सायट्रेटशी जमली तर ती विरघळलेलीच राहते. प्रश्न कॅल्शियम किती आहे एवढाच नाही. त्याला सोबत कोणाची मिळते, हाही आहे.

थोडा हिशेब करून पाहू. शुद्ध पाण्याच्या एका लिटरात कॅल्शियम ऑक्झॅलेट विरघळते ते अवघे सहा-सात मिलिग्रॅम. निरोगी माणसाच्या मूत्रातून दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत ऑक्झॅलेट जाते. कॅल्शियम त्याहून कितीतरी अधिक, १०० ते २५० मिलिग्रॅम, म्हणजे जोडीदाराची वाण नाही. ते सारे ऑक्झॅलेट कॅल्शियमशी जुळले असे धरले तर ६६ मिलिग्रॅम व्हेवेलाइट होईल. दिवसाचे मूत्र दीड लिटर धरले तर लिटरमागे ४४ मिलिग्रॅम झाले. पाण्यात मावते त्याच्या सहापट! मग प्रत्येकाच्या मूत्रपिंडात रोज खडे का पडत नाहीत? आमच्या मते ह्या विषयातील खरा विस्मयकारक प्रश्न हाच आहे.

उत्तराचा पहिला भाग असा की मूत्र म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. कॅल्शियमचा बराचसा हिस्सा सायट्रेटने धरून ठेवलेला असतो, ऑक्झॅलेटचा काही हिस्सा मॅग्नेशियमने अडविलेला असतो, आणि भोवतालच्या इतर आयनांच्या दाटीमुळे उरलेल्यांचे परस्परांकडील आकर्षण मंदावते. एवढे वजा करूनही बहुतेकांचे मूत्र अतिसंपृक्तच उरते. दुसरा भाग वेळेचा. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतून मूत्र काही मिनिटांत पुढे सरकते. एवढ्या अवधीत सुटा कण वाटेत अडकण्याइतका मोठा होऊ शकत नाही, असा हिशेब फिनलेसन व रीड ह्यांनी १९७८ साली मांडला. नंतर काहींनी त्या हिशेबात दुरुस्त्या सुचविल्या, परंतु मुद्दा महत्त्वाचा राहिला: खडा वाढावयाचा तर त्याला कोठेतरी चिकटून बसावयास जागा पाहिजे. ती जागा अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या रँडॉल ह्या शल्यवैद्याने १९३७ साली दाखविली होती. मूत्रपिंडाच्या आतील शंकूंच्या टोकांशी कॅल्शियम फॉस्फेटचे पांढरट डाग असतात, आणि पुष्कळ ऑक्झॅलेट खडे त्यांवरच रुजलेले आढळतात. म्हणजे ऑक्झॅलेटच्या खड्याचा पाया फॉस्फेटचा निघाला.

तिसरा भाग समजण्यास स्वयंपाकघरात जावे लागेल. साखरेचा दाट पाक थंड होताना कधी कधी साखरतो. भांड्याच्या कडेला एक कण राहिला असला तरी त्याच्या आधाराने सगळा पाक कणीदार होतो. म्हणून आपल्या घरच्या स्त्रिया पाकात लिंबू पिळतात. आम्लामुळे काही साखरेचे तुकडे होऊन निराळ्या शर्करा तयार होतात, त्या वाढत्या स्फटिकाच्या कडांशी घोटाळतात, रांगेत नीट बसत नाहीत आणि मागून येणाऱ्यांना बसू देत नाहीत. स्फटिकाची वाढ सगळ्या अंगाने सारखी होत नसते. पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्या असतात, त्या पायऱ्यांना खाचा असतात, आणि नवा कण त्या खाचेतच येऊन बसतो. खाचा थोड्या असल्यामुळे त्या अडवावयास परकी मंडळीही थोडीच पुरतात. व्हेवेलाइटच्या पायऱ्यांवर सायट्रेट नेमके असेच अडून बसते, हे चालू शतकात अतिसूक्ष्म सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या यंत्रांनी प्रत्यक्ष पाहता आले.

आता धातूंकडे वळू. मॅग्नेशियम हा कॅल्शियमचा रसायनातील भाऊबंद. दोघांवरही दोन धन भार. परंतु मॅग्नेशियमचा आयन लहान, आणि तो आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहसा सोडीत नाही. त्याने ऑक्झॅलेटशी केलेला संयोग कॅल्शियमच्या संयोगापेक्षा कित्येक पटींनी विद्राव्य असतो. हॅमरस्टेन ह्या स्वीडिश संशोधिकेने १९२९ साली दाखविले की द्रावात मॅग्नेशियम असले तर कॅल्शियम ऑक्झॅलेट अधिक विरघळते. आणि पुढे उंदरांच्या आहारातून मॅग्नेशियम कमी केल्यास त्यांच्या मूत्रमार्गात ऑक्झॅलेटचे खडे होतात हेही दिसून आले. एवढे हाती आल्यावर कोणालाही वाटेल की झाले, मॅग्नेशियम हे मुतखड्यावरचे औषध सापडले.

येथेच सावध राहावयास हवे. १९८८ साली एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घेणाऱ्यांना रिकाम्या गोळीपेक्षा अधिक गुण आला नाही. त्याच संशोधकांनी १९९७ साली पोटॅशियम-मॅग्नेशियम सायट्रेट देऊन पाहिले; तीन वर्षांत रिकामी गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ६३.६ जणांना नवे खडे झाले, औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा १२.९ जणांना. मॅग्नेशियम दोन्हीकडे होते. सोबत मात्र निराळी होती. काचपात्रात जे घडते ते देहात जसेच्या तसे घडत नाही, कारण पात्रात आपण दोन-तीन वस्तू घालतो आणि देहात आतडे, रक्त, हाडे व मूत्रपिंड सगळी मिळून उत्तर देतात.

शिवाय हाच रक्षक मॅग्नेशियम एका परिस्थितीत स्वतःच खडा होतो. मूत्रमार्गात काही विशिष्ट जंतू शिरले की ते युरियाचे विघटन करून अमोनिया निर्माण करतात. मूत्र अल्कधर्मी बनते, आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट ह्यांचा खडा सांबरशिंगासारखे फाटे फोडीत मूत्रपिंडाची पोकळी भरून टाकतो. ह्या खनिजाला स्ट्रुव्हाइट म्हणतात. ते प्रथम ओळखले गेले ते रुग्णाच्या देहात नव्हे, तर १८४५ साली हँबर्ग शहरात, सेंट निकोलाय चर्चचा पाया खणताना निघालेल्या जुन्या उकिरड्याच्या मातीत. उकिरडा आणि दूषित मूत्राशय ह्यांचे रसायन एकच असावे ह्यात नवल नाही.

सोडियमची गोष्ट अशीच विचार करण्याजोगी आहे. खड्यात सोडियम जवळजवळ नसते, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु मूत्रपिंडात सोडियम व कॅल्शियम ह्यांची परत शोषून घेण्याची वाट काही अंतर पुष्कळशी एकत्र असते. मीठ जास्त खाल्ले, सोडियम बाहेर टाकावे लागले, की त्याच्याबरोबर कॅल्शियमही वाहून जाते. सुमारे सहा ग्रॅम जादा मिठामागे जवळजवळ ४० मिलिग्रॅम कॅल्शियम मूत्रात अधिक येते, असा स्थूल हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला एकूण मीठच पाच ग्रॅमच्या आत ठेवावे असे म्हणते. आपल्या पानातील लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ ह्यांची बेरीज ज्याने त्याने करावी. ह्याच्या उलट पोटॅशियम. ते पुरेसे असले तर मूत्रात सायट्रेट टिकते, ते घटले तर सायट्रेटही घटते. १९८३ साली अमेरिकेत साखाई व पाक प्रभृतींनी त्याच रुग्णांना एकदा सोडियम सायट्रेट व एकदा पोटॅशियम सायट्रेट देऊन तुलना केली. सायट्रेट दोन्ही वेळी वाढले. पण मूत्रातील कॅल्शियम उतरले ते पोटॅशियमच्या वेळीच. ऋण आयन तोच, धातू मात्र बदलला, आणि फळ बदलले. आमच्या विषयाचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. जाता जाता एवढेच म्हणू की उन्हाळ्यातील लिंबाचे सरबत चांगले, चिमूटभर मिठाने त्याचे बिघडत नाही. पण दिवसातून चार पेले आणि प्रत्येकात चमचाभर मीठ, असे केले तर लिंबाने दिलेले मीठ काढून घेते.

आणि आता मुख्य आरोपी, कॅल्शियम. अळूच्या पानाने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. म्हणजे मुतखड्याचेच द्रव्य आपण फदफद्यात जेवतो. ऑक्झॅलेट पालकात, चुक्यात, राजगिऱ्याच्या पानात आणि तिळातही असते. पण ते कॅल्शियमशी आधीच बांधलेले असेल तर आतड्यातून फारसे शोषले जात नाही, मलावाटे निघून जाते. धोका मोकळ्या ऑक्झॅलेटचा. जेवणात कॅल्शियम पुरेसे असले तर ते आतड्यातच ऑक्झॅलेटला गाठते. दूध-दही सोडले तर ऑक्झॅलेटला गाठणारे कोणी उरत नाही आणि ते मोकळेपणी रक्तात व तेथून मूत्रात उतरते. ताकातला पालक करणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे रसायन ठाऊक नव्हते. त्यांनी तो चवीसाठीच केला असणार. पण खड्याच्या दृष्टीने पालक ताकात शिजणे हे नुसत्या पालकापेक्षा हिताचेच.

हा नुसता तर्क नाही. कर्हान व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ साली ४५,६१९ पुरुषांची चार वर्षांची पाहणी प्रसिद्ध केली. आहारातून सर्वांत अधिक कॅल्शियम घेणाऱ्या गटात खड्याचा संभव सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला. इटलीत बोर्गी ह्यांनी तर प्रत्यक्ष प्रयोग केला. वारंवार खडे होणारे १२० पुरुष त्यांनी दोन गटांत विभागले. साठ जणांना दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा तोटका आहार. साठ जणांना १,२०० मिलिग्रॅम, मात्र मीठ व मांस कमी. पाच वर्षांनी, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात, पहिल्या गटातील २३ जणांना पुन्हा खडे झाले होते, दुसऱ्यातील १२ जणांना. येथे तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या हे आम्ही नजरेआड करीत नाही. सगळे श्रेय कॅल्शियमला देणे अन्यायाचे होईल. पण कॅल्शियम तोडल्याने खडे थांबतात हे मत त्यानंतर टिकत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. कर्हान ह्यांच्याच १९९७ सालच्या स्त्रियांच्या पाहणीत गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचा संभव काहीसा अधिक दिसला. गोळी जेवणाबरोबर घेतली नाही तर आतड्यात तिला ऑक्झॅलेट भेटतच नाही, हे त्याचे एक संभाव्य कारण.

जस्त, लोह, ॲल्युमिनियम अशा अल्पांश धातूंविषयी बोलताना आम्ही हात आखडता घेतो. मूत्रात जस्त दिवसाला एक मिलिग्रॅमही नसते. तरी खाचा अडविणाऱ्याला संख्याबळ लागत नाही, हे वर आलेच आहे. काचपात्रात जस्ताचे आयन कॅल्शियम फॉस्फेटच्या स्फटिकांची वाढ मंदावतात. लोह व ॲल्युमिनियम ही सायट्रेटच्या जोडीने तसाच प्रभाव दाखवितात. ह्यावरून जस्त हितकर म्हणावे, तोच कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ साली फळमाश्यांवर प्रयोग केले, आणि त्या माश्यांच्या मूत्रनलिकांत जस्त कमी केल्यावर खडे कमी झाले! फ्रान्समध्ये खड्यांचे क्ष-किरणांनी परीक्षण झाले, त्यात ऑक्झॅलेटपेक्षा फॉस्फेटच्या खड्यांत जस्त अधिक आढळले. पण घरात सापडलेला प्रत्येक जण चोर असतोच असे नाही. जस्ताने खडा सुरू केला, की वाढत्या खड्यात ते नुसते ओढले गेले, हे अशा परीक्षणाने ठरत नाही. कॅडमियमचे काम अधिक उघड आहे. त्याच्याशी संबंध येणाऱ्या बॅटरी-कारखान्यांतील कामगारांत खडे अधिक दिसले. तेथे हा धातू स्फटिकात शिरत नाही, तर मूत्रपिंडाच्या नलिकाच बिघडवितो आणि कॅल्शियम गळू लागते.

आमच्या कोकणाशी नाते सांगणारी एक बातमी २०१६ साली आली. ह्यूस्टन विद्यापीठातील रिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सायट्रेटचा भाऊ हायड्रॉक्सिसायट्रेट हा अतिसंपृक्त द्रावातही कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक वाढू न देता उलट झिजवू शकतो. हे आम्ल कोकमाच्या सालीत असते. लगेच आमसुलाची पिंपे भरून ठेवण्याचे कारण नाही; मॅग्नेशियमची कथा ताजी आहे, आणि ह्या आम्लाच्या तीव्र गोळ्यांनी यकृताला अपाय झाल्याच्याही नोंदी आहेत. सोलकढी आवडते म्हणून प्यावी.

शेवटी जड पाण्याचा प्रश्न. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम दोन्ही असतात. बंबात बसणारी खपली पाहून मनुष्य घाबरतो आणि तीच खपली आपल्या मूत्रपिंडात बसत असणार असे समजतो. बंबातील खपली तापविल्याने कार्बोनेट खाली बसून होते; मूत्रपिंडातील खडा प्रायः ऑक्झॅलेटचा. लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेले बरेच जड पाणी घेतले तरी त्या लिटरात दोनशे मिलिलिटर दुधाच्या निम्म्याहून कमी कॅल्शियम असते. अमेरिकेत २००२ साली हजारो रुग्णांची तुलना झाली तेव्हा जड पाण्याच्या भागात मूत्रातील कॅल्शियम वाढलेले दिसले खरे, पण त्याबरोबर मॅग्नेशियम आणि सायट्रेटही वाढलेले होते, आणि खड्यांच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पाणी जड म्हणून कमी पिणे हे मात्र नक्की महागात पडते. बोर्गी ह्यांनीच १९९६ साली, पहिलाच खडा झालेल्या १९९ जणांची पाच वर्षांची तुलना प्रसिद्ध केली होती. ज्यांना दिवसाला दोन लिटर मूत्र होईल एवढे पाणी पिण्यास सांगितले त्या ९९ जणांपैकी १२ जणांना खडा पुन्हा झाला. ज्यांना काही सांगितले नाही त्या १०० जणांपैकी २७ जणांना. पिण्याचे माप ठरविण्यात अर्थ नाही. जळगाव-नागपूरकडे वैशाखात तीन लिटर प्यालेले घामातच निघून जाते. माप मूत्राचे घ्यावे, आणि रात्री निजताना एक पेला पाणी विसरू नये, कारण मूत्र सर्वांत दाट होते ते आपण झोपेत असताना.